इनासच्या नकाशातली एकच चूक

इनास, तू गेल्याला महिना झाला त्या दिवशी चर्चमधल्या मिस्सानंतर घरी जे जेवण झालं, त्यात मी मटण दोनदा वाढून घेतलं. मैद्याचे तळलेले फुगे पाच खाल्ले. हे आधी सांगून टाकतो. पुढचं सांगताना मी स्वतःला बरा दाखवायला लागेन, त्याच्या आत तुला कळलेलं बरं की तुझ्या घरात, तुझ्या फोटोखाली बसून, तुझ्याबद्दलचं खोटं ऐकून घेऊन मी जेवलो. पोटभर. तुझ्या लेकीने, लॉर्नाने विचारलं, "अंकल, अजून एक फुगा?" तर मी ताट पुढे केलं.

खोटं बोलला तो मेल्विन. पण त्याला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांनी परदेशातून आलेला तुझा मुलगा हातात ग्लास घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "डॅडी ड्रीमर होते. रिटायर झाल्यापासून एकाच ट्रिपचा मॅप काढत बसले. मुंबई ते वेंगुर्ला, समुद्राच्या कडेकडेने. गेले कुठेच नाहीत. दरवेळी काहीतरी चेंज. लास्टला तर गाडीपण नीट चालवता येत नव्हती, पवईला ठोकली. आम्ही ती विकली म्हणून बरं, नाहीतर कुणाचा तरी जीव गेला असता."

लोक हसले. प्रेमाने हसले, म्हणून जास्त वाईट. मग तो माझ्याकडे वळला. "परब अंकलनी मला वेळेवर सांगितलं. थँक यू, अंकल."

मी हात जोडले. बाजूच्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थोपटलं. त्या जोडलेल्या हातांची मला अजून शिसारी येते. घरी आल्यावर ते दोनदा साबणाने धुतले, मटणाचा वास जात नव्हता असं बायकोला, सुनंदाला सांगितलं.

निघताना लॉर्नाने दारात थांबवलं. तिच्या हातात जुन्या चादरीत बांधलेली लांब गुंडाळी होती. "हे तुमच्याकडे द्यायचं होतं. डॅडी म्हणायचे, चेकर परब आहे, त्याची सही झाल्याशिवाय ड्रॉइंग बाहेर जात नाही." तिला हसू आलं. "आता कुठे जाणार आहे म्हणा." मी ती गुंडाळी काखेत मारली आणि रिक्षात बसलो. मुलुंडपर्यंत ती मांडीवर होती आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आपण दोघे अंधेरीच्या त्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा मी लालबागच्या एका खोलीत नऊ जणांबरोबर राहत होतो आणि तू मरोळच्या गावठाणातून सायकलने यायचास. तुझ्या डब्यात बोंबील, माझ्या डब्यात उसळ. पहिल्याच आठवड्यात तू विचारलंस, "परब म्हणजे कोकणातला. घर समुद्रावर असेल तुझं."

मी म्हटलं, "अगदी समोर. लाटेचा आवाज घरात येतो."

"आणि माड?"

"माडांची बाग आहे. विहीर आहे. मे महिन्यात आम्ही विहिरीवरच आंघोळ करतो."

तू जेवायचा थांबलास. "नशीबवान आहेस, मॅन," म्हणालास. "तुझं तरी गाव आहे. माझं गाव बिल्डिंगच्या पार्किंगखाली गेलं." तुमच्या भाताच्या शेतावर तेव्हा पहिल्या इमारतीचे खांब उभे राहत होते. तुझी आई त्या खांबांकडे पाठ करून कपडे वाळत घालायची, हे तू मला सांगितलंस. मी तुला काय सांगितलं? माडांची बाग.

खरं आता सांगतो. गावात आमचं काहीच नव्हतं. वडील मुंबईला गिरणीत, आणि आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन दुसऱ्याच्या बागेतल्या मांगरात राहायची. मांगर म्हणजे अवजारं आणि शेणी ठेवायचं छप्पर. समुद्र समोर होता, ते तेवढं खरं. बाग होती, पण बागवाल्याची. आई रोज एकच गोष्ट सांगायची, "झिला, नारळ पडलेलो दिसलो तरी हात लावू नको. बाग आपली न्हय." आई गेली त्या वर्षी बागवाल्याने मांगर पाडला. मी बारा दिवस करून मुंबईला आलो तो परत कधी गेलो नाही. गेलो असतो तर उतरायचं कुठे?

तुझ्यासारख्या माणसाशी खोटं बोलायची गरज नव्हती. तुला मांगराचं सांगितलं असतं तर तू डब्यातला अर्धा बोंबील माझ्या ताटात टाकला असतास आणि विषय संपला असता. पण मला त्या दुपारी मोठं व्हायचं होतं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी मी पुढे काय काय केलं, ते आठवलं की तोंडात आंबट पाणी येतं.

रिटायर झाल्यावर तू नकाशाची पहिली पट्टी काढलीस. रस्त्याच्या कामाचे नकाशे आपण आयुष्यभर असेच काढत आलो, रस्ता सरळ धरायचा आणि जग त्याच्याभोवती वळवायचं. तुझा कागद ट्रेसिंगचा होता, हातभर रुंद आणि किती लांब ते तूच जाणे. डाव्या टोकाला मरोळ, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या क्रुसासकट. भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढवायची आणि मांडव्याला उतरायचं. तिथून रस्ता उजवीकडे निघाला की समुद्र खालच्या कडेने शेवटपर्यंत तुटत नाही. फणसाडच्या जंगलात एक सकाळ, पक्षी. आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट तरीवर, खाडी ओलांडणाऱ्या बोटीवर. हरिहरेश्वरच्या खडकांची वाट, ओहोटीला. वेळासला कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना. मालवणात पाण्याखाली उतरायचं.

"या वयात तू पाण्याखाली जाणार?" मी विचारलं होतं.

"वर राहून काय मिळालं, मॅन?"

आणि उजव्या टोकाला, शेवटचा थांबा: परबचं घर, दोन रात्री मुक्काम. तू ते मला बोट ठेवून दाखवलंस. "शेवट तुझ्याकडे. वहिनीला सांग, चटया काढून ठेव." त्या दिवसापासून तुझ्या मरणापर्यंत मी त्या दोन रात्रींना घाबरत राहिलो. तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुटलो, इनास. पहिला क्षण सुटल्याचाच होता. रडू नंतर आलं. हेही लिहून ठेवतो.

तू ड्रॉइंगची नावं-सह्यांची चौकट शिस्त मोडून, उजव्याऐवजी डाव्या टोकाला, मरोळच्या बाजूलाच काढली होतीस. काढणारा: इनास. तपासणारा: परब, पुढे सहीची मोकळी जागा. खाली सुधारणांचा तक्ता. "गुंडाळी उघडलीस की आधी तुझी सही," तू म्हणालास. मला मुद्दामहून रागवायला लावायचं असलं तर तू म्हणायचास, "परब्या, सही करशील की तीपण सरकारी मुहूर्त बघून?"

ऑफिसात माझी ख्याती काय होती ते तुला माहीत आहे. बरोबर असेल त्यावर पिवळी पेन्सिल फिरवायची, चूक असेल तिथे लाल. माझ्या हातून गेलेल्या कागदात साइटवर कधी चूक निघाली नाही. तू त्या ख्यातीवर विश्वास ठेवलास. आणि मी ती तुझ्याविरुद्ध वापरली.

पहिल्या वेळी चिठ्ठी लावली: दिघीच्या तरीच्या वेळा नक्की नाहीत. तू धक्क्यावर फोन केलेस, वेळा भरल्यास, पट्टी परत आणलीस. मग मी म्हटलं, हरिहरेश्वरला भरती-ओहोटी धरलेली नाही. तू वर्सोव्याच्या एका कोळ्याकडे तीन रविवार बसून तिथींवरून भरतीचं गणित शिकलास आणि प्रत्येक थांब्याखाली बारीक अक्षरात पाण्याची वेळ लिहिलीस. मग माझा गुडघा. मग सुनंदाच्या भाचीचं लग्न. मग कासवांचा हंगाम आणि बोटींचा हंगाम जुळत नाही. दर वेळी तू मान हलवायचास, "करेक्ट, करेक्ट, चेकर तो चेकर," आणि अर्ध्या ब्लेडने शाई खरवडून नवीन लिहायचास. तुझ्या बोटांना ट्रेसिंगची पांढरी पूड लागलेली असायची. मला ती पूड दिसली की तुझा राग यायचा. हा माणूस थकत का नाही, असं वाटायचं. माझी लाज झाकायला तू थकावंस, अशी माझी अपेक्षा होती.

आता पवईचं.

तुला आठवतंय, तू मला गाडी चालवायची सवय करायला लावली होतीस. माझं लायसन संपून दोन वर्षं झाली होती. तू म्हणालास, "रविवारी सकाळी कोण बघतंय. नीट ऐक. दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे. स्टिअरिंगही उजवीकडे. जो चालवतो त्याला समुद्र, बाजूवाल्याला नुसते डोंगर. मी एकटाच चालवत राहिलो तर तुला तुझाच समुद्र दिसायचा नाही. अर्धा तू, अर्धा मी."

हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. मी त्यावर फक्त "बरं" म्हटलं.

मुलुंडहून मरोळला येताना पवईच्या तळ्याजवळ मी उभ्या टेम्पोला मागून ठोकली. वेग फार नव्हता. मी तळ्याकडेही बघत नव्हतो. मी विचार करत होतो की आता गुडघ्यानंतर कुठलं कारण सांगायचं. तुझं कपाळ समोर आपटलं. तळ्यावरून जलपर्णी कुजल्याचा वास येत होता आणि तू एका हाताने रक्त दाबून दुसऱ्या हाताने मला ढकलत होतास. "हो बाजूला. डावीकडे बस, लवकर. लायसन नाही तुझं." टेम्पोवाला चहाच्या टपरीवरून धावत आला तेव्हा तू स्टिअरिंगमागे बसलेला होतास. "माझी चूक, भाऊ," तू त्याला म्हणालास. तीन टाके पडले. घरीही तू तेच सांगितलंस.

इथपर्यंतचं खोटं तुझं होतं आणि ते तू मला दिलं होतंस.

चार दिवसांनी मेल्विनचा फोन आला. "अंकल, डॅडी स्वतः चालवत होते ना?" मी हो म्हटलं. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. तो म्हणाला, "त्यांना नीट दिसतं ना? खरं सांगा, तुम्ही रोज त्यांच्याबरोबर असता."

मी आवाज मऊ केला. म्हाताऱ्या, जबाबदार माणसाचा आवाज. "बेटा, तू विचारतोयस म्हणून सांगतो. ब्रेकवर पाय जरा उशिरा जातो त्याचा. सिग्नल चुकतो कधी कधी. मी मित्र आहे, मी त्याला कसं बोलू? तू मुलगा आहेस." तुला सिग्नल कधी चुकला नाही. तुझं दूरचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. तू शेवटपर्यंत चष्म्याशिवाय बसचा नंबर वाचायचास. फोन ठेवला, दाढी केली, जेवलो आणि दुपारी शांत झोपलो. घाण वाटते ती या झोपेची. खोटं माणूस घाबरून बोलतो. पण नंतर मला झोप लागली.

पंधरा दिवसांत गाडी गेली. तू चहा ओतताना म्हणालास, "पोरानं विकायला लावली. कुणीतरी कान भरले असणार." मी कपात बघत होतो. "कुणी भरले मला माहीत नाही," तू म्हणालास आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवलास. तुला माहीत होतं का, इनास? त्या वाक्याकडे मी रोज जातो आणि रोज परत येतो. एकदा वाटतं तू मला सुटायला दार ठेवलं होतंस. एकदा वाटतं तुला खरंच माहीत नव्हतं. दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, तेही ठरत नाही.

त्यानंतर गल्लीत स्कूटर आली की लोक तुझा हात धरायचे. डोळे चांगले असलेल्या माणसाचा हात. लॉर्ना तुला रिक्षातही एकटं बसू देत नव्हती. तू एकदा चिडून हात झटकलास, मग पुढच्या वेळी धरू दिलास. मी बाजूला उभा होतो.

आणि तरी तू नववी सुधारणा घेऊन आलास. "गाडी नाही तर नाही. एसटी आहे, तरी आहेत, पायी उतरू. तरीवर पायी माणसाला आधी सोडतात." तू नऊ एसटी बदलून वेंगुर्ल्याला पोचायचं वेळापत्रक बसवलं होतंस. हसत होतास. "आता दोघांनाही समुद्र, मॅन. खिडकीसाठी भांडू." मी पट्टी घेतली, दोन आठवडे कपाटावर ठेवली आणि चिठ्ठी लावली: ज्येष्ठांना इतका एसटी प्रवास झेपणार नाही. ती चिठ्ठी तू वाचलीस, घडी केलीस आणि खिशात ठेवलीस. पहिल्यांदा तू "करेक्ट" म्हणाला नाहीस. त्यानंतर आपण सात-आठ वेळा भेटलो आणि नकाशाचं बोललो नाही. मग तू गेलास.

गुंडाळी आणल्यावर तीन दिवस ती कपाटाच्या मागे उभी होती. चौथ्या दिवशी दुपारी मी ती स्वयंपाकघराच्या दारापासून सोडली. हॉल संपला, बाल्कनीचं दार आलं, तरी ती संपेना. बाल्कनीत कुंड्या सरकवून शेवटचा हात उलगडला. सुनंदा पोळपाट हातात घेऊन बाहेर आली.

"काय पसरलंय हे?"

"इनासचा नकाशा."

"एवढा मोठा आहे? तुम्ही कधी दाखवला नाहीत."

मी कधी पाहिलाच नव्हता. पहिल्या दिवशी तू बोट ठेवून दाखवलंस ते सोडलं तर नऊही वेळा मी गुंडाळी फूट-दोन फूट उघडली, पहिल्या दोन-चार थांब्यांत काहीतरी शोधलं किंवा उघडताच घरचं कारण लिहिलं, आणि गुंडाळली. ज्या शेवटच्या घराला मी इतकी वर्षं घाबरत होतो तिथपर्यंत मी एकदाही गेलो नाही. कागदावरसुद्धा नाही. माझ्या हातून चूक सुटत नाही म्हणे.

उजव्या टोकाला कागद खरवडून पातळ झाला होता. "परबचं घर" तिथे नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं: वेंगुर्ला, लॉज, दोन रात्री. आणि कडेला साधारण सूचनांच्या यादीत, भरती आणि पेट्रोल आणि औषधांनंतर, तुझ्या त्या सरळ अक्षरात:

सूचना ७. शेवटच्या गावात परबला त्याचं घर कुठलं, असं कुणी विचारू नये.

मी डाव्या टोकाला परत आलो आणि सुधारणांचा तक्ता वाचला. तिसरी सुधारणा. "शेवटचा मुक्काम बदलला. सूचना ७ वाढवली." पुढे तारीख. पवईच्या सहा वर्षं आधीची. म्हणजे तिसऱ्या वेळेपासून घाबरायचं कारणच उरलं नव्हतं. तू ते काढून टाकलं होतंस, आणि मला लाज वाटू नये म्हणून न बोलता काढलं होतंस, मी वाचेन या भरवशावर. ते वाक्य तेव्हापासून सात वेळा माझ्या नाकासमोर आलं. मी त्याच्यावर चिठ्ठी टाचत गेलो.

"याला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

सुनंदा वाकून वाचत होती. "मीच सांगितलं असेल. फार वर्षं झाली. इनासभाऊंचा फोन आला होता, तुम्ही आंघोळीला होतात. म्हणाले, वहिनी, मे महिन्यात विहिरीला पाणी असतं ना? मी म्हटलं, कसली विहीर? तो मांगर तर कधीच पाडला."

"मग?"

"मग काही नाही. थोडं थांबले. म्हणाले, असू दे, परब्याला सांगू नका मी विचारलं म्हणून."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"सांगू नका म्हणाले ना ते." ती सरळ झाली. "तुम्ही त्यांना विहीर आहे म्हणून सांगितलं होतंत?"

तिने पोळपाट टेबलावर ठेवला. "शी," ती म्हणाली. पन्नास वर्षांच्या संसारात तिने मला तेवढं कधी म्हटलं नव्हतं. पवईचं मी तिला त्याच वेळी सांगितलं. ते ऐकून ती पोळपाट उचलून आत गेली आणि चपात्या लाटायला लागली. लाटण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

मेल्विन गुरुवारी परत जाणार होता. मी बुधवारी सकाळी गुंडाळी काखेत मारून गेलो. तुझ्या हॉलमध्ये त्याची बॅग उघडी पडलेली होती आणि लॉर्ना त्यात मसाल्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवत होती. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. गाडी मी चालवत होतो. लायसन नव्हतं म्हणून त्याने अंगावर घेतलं. त्याचे डोळे चांगले होते, ब्रेक वेळेवर लागायचा. फोनवर मी जे सांगितलं ते सगळं खोटं. ट्रिप दर वेळी माझ्यामुळे राहिली. तो नुसता नकाशे काढत बसला नाही, मी त्याला निघू दिलं नाही.

"पण का?" लॉर्ना म्हणाली.

मी माडांच्या बागेचं सांगितलं. सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटलं की माझा मलाच विश्वास बसेना.

मेल्विन बॅगेच्या काठावर बसला. "मी त्यांना फोनवर काय बोललो माहीत आहे तुम्हाला? डॅडी, तुम्ही लोकांना डेंजर आहात. असं बोललो मी. ते म्हणाले, ओके बाबा." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "ओके बाबा. एवढंच. आणि त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर थँक यू म्हटलं. तुम्ही हात जोडलेत, अंकल."

"हो."

"मटणपण खाल्लंत."

"हो."

लॉर्ना म्हणाली, "म्हणजे ते चांगलं चालवायचे."

"उत्तम."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मी त्यांना रस्ता क्रॉस करू देत नव्हते," ती म्हणाली, आणि तिच्या हातातली बाटली तिने बॅगेत न ठेवता जमिनीवर ठेवली. चहाचं कुणी विचारलं नाही. ते बरं झालं, विचारला असता तर मी कदाचित घेतला असता.

मग तिने माझ्या काखेतली गुंडाळी ओढून घेतली. "तपासा," ती म्हणाली. "इथेच. माझ्यासमोर. पूर्ण."

आतल्या खोलीपासून तिने ती सोडली. हॉलमधून, उंबऱ्यावरून, बाहेर ओट्यापर्यंत गेली. मेल्विनने कडांवर चपला ठेवल्या. मी गुडघ्यांवर बसलो. खिशात दोन्ही पेन्सिली होत्या. मी पिवळी काढली. क्रुसापासून सुरुवात केली. धक्का, बोट, मांडवा, प्रत्येक अंतर, प्रत्येक वेळ. फणसाड बरोबर. दिघीची तर बरोबर. हरिहरेश्वरची ओहोटी मी मनाशी मोजून पाहिली, तू शिकला होतास तशी, बरोबर. वेळासपाशी तू समुद्राकडे तोंड करून एक नखाएवढं कासव काढलं होतंस, मी कधी पाहिलं नव्हतं. त्यावरही पिवळी फिरवली. गुडघा ठणकत होता आणि मला त्याची कीव येत नव्हती. मालवणपाशी तू लिहिलं होतंस: परब वर नावेत बसेल, त्याला उलटी होते, गोळी घ्यावी. बरोबर. गल्लीतली माणसं ओट्याशी थांबून बघायला लागली. लॉर्ना त्यांना सांगत होती, "डॅडींचा मॅप आहे. चूक नाहीये त्यात. अंकल सांगतायत." तिने ते तीन-चार वेळा सांगितलं, आवाज चढवून, समोरच्या खिडक्यांनाही ऐकू जाईल असं.

ओट्यावर शेवटचा हात आला. सूचना एक, दोन, सहापर्यंत पिवळी. सातवीवर मी थांबलो. लॉर्नाने ती वाचली, मेल्विनने वाकून वाचली.

"हीपण बरोबर?" ती म्हणाली.

बरोबर म्हटलं असतं तर तू दिलेली माफी मी पुन्हा एकदा खिशात घालून घरी नेली असती, जसं गाडीचं खोटं नेलं होतं. मी लाल पेन्सिल काढली. इनास, तुझ्या एवढ्या लांब नकाशात चूक एकच होती आणि ती तू माझ्यासाठी केली होतीस. त्या ओळीवर मी रेघ मारली आणि कडेला लिहिलं: चूक. विचारावं.

मग मागे जाऊन तक्त्यात दहावी सुधारणा लिहिली. सूचना ७ दुरुस्त. बाकी चूक कधीच नव्हती. तपासणाऱ्याने नकाशा शेवटपर्यंत उघडला नव्हता. आणि सही केली.

"डिसेंबरात मी जाणार," लॉर्ना म्हणाली. "मीच चालवणार. तुम्हाला नाही नेणार, अंकल."

"नको नेऊस."

ती आतून गुंडाळत निघाली. मेल्विन ओट्यावर टोक धरून बसला होता. गुंडाळी त्याच्यापर्यंत आली तेव्हा त्याने ती हाताने थोपवली. माझ्याकडे न बघता विचारलं, "मग तुमचं घर नक्की कुठे होतं?"

तू ब्लेडने खरवडलेल्या जागेवर मी बोट ठेवलं. तिथे कागद इतका पातळ झाला होता की खालच्या ओट्याची फरशी दिसत होती.

"इथे," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या बागेत."